पुरात बुडालेली स्पोर्ट्स कार निम्म्याहून कमी किमतीत : घ्यावी का?

पावसाळा संपता संपता एक खातेदार काका आमच्या शाखेत आले. राहायला काशीतच, अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत. तीन पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले मराठी घर. पाच लाखांची मुदत ठेव मोडायची होती. ग्राहकाने ठेव मोडायला आणली की कारण विचारू नये, असे काही सहकाऱ्यांना वाटते. मला वाटते, विचारावे. पैसा त्यांचा असतो, पण दोन मिनिटे बोलल्याने कोणाचे नुकसान होत नाही.

कारण असे होते. मुलाने मोबाइलवर एका स्पोर्ट्स कारची जाहिरात पाहिली होती. नवी घेतली तर ४० लाखांच्या घरात जाणारी, साडेचार वर्षे वापरलेली गाडी. तशीच चांगल्या स्थितीतली बाजारात २० लाखांना जाते. ही मात्र फक्त ८ लाखांना. जाहिरातीत प्रामाणिकपणे लिहिले होते : ‘पावसाळ्यात थोडे पाणी शिरले होते, आता सर्व ओके.’ नंबर महाराष्ट्राचा. मुलाची योजनाही तयार होती. काशीच्या घाटांवर लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, वराती निघतात. त्यांना गाडी दिवसाच्या भाड्याने द्यायची. पाच लाख ठेवीचे आणि तीन लाख वैयक्तिक कर्जाचे, असा हिशेब होता.

‘काका, गाडीत पाणी कुठपर्यंत गेलं होतं?’ मी विचारले.

‘थोडंसंच म्हणे. तुम्ही तर जाणता, आमच्या घाटावर दरसाल पाणी येतं. उतरलं की झालं.’

या लेखाचे निम्मे उत्तर काकांच्या त्याच वाक्यात आहे, म्हणून आधी घाटाकडेच पाहू.

पाणी उतरते, गाळ राहतो

अमृतराव घाट, ज्याला राजा घाट असेही म्हणतात, पेशवे घराण्यातील अमृतरावांच्या नावाने ओळखला जातो. उंच दगडी भिंत, खाली पायऱ्या. वाराणसीला गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे आणि सर्वात मोठ्या नोंदलेल्या पुरात, सप्टेंबर १९७८ मध्ये, पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. एवढे चढायची गरजही नसते; त्याच्या कितीतरी आधी घाटांचा एकमेकांशी संबंध तुटतो, आरती गच्चीवर करावी लागते, नावा बंद होतात. आणि पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर काय उरते हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होते. फूट-फूट गाळ. पंप लावून, पाण्याचा फवारा मारून तो धुवावा लागतो आणि तरी सांध्यांतला गाळ सणावारापर्यंत निघत राहतो.

दगडाच्या पायरीचे गाळाने काही बिघडत नाही. गाडीचे बिघडते. आजच्या गाडीत दगडासारखे काही नाही. गालिच्याखालून वायरिंगचे जाड जुडगे जाते, सीटखाली एअरबॅगचे आणि सीटबेल्टचे सेन्सर असतात, काही गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते, इंजिन आणि गिअरबॉक्स चालवणारे छोटे संगणक असतात. मेकॅनिक त्यांना ईसीयू म्हणतात. पाणी या वायरींच्या जोडांत शिरते. वरून हेअर ड्रायर मारला की वाळल्यासारखे दिसते, पण आतल्या तांब्यावर हिरवट थर चढू लागतो. हा थर चार महिन्यांनी, आठ महिन्यांनी, कधी पुढच्या पावसाळ्यात त्रास देतो. एक दिवस काच खाली जात नाही. मग डॅशबोर्डवर दिवा पेटतो. मग गाडी हायवेवर बंद पडते. एअरबॅगच्या जोडात असे झाले तर अपघात होईपर्यंत कळतच नाही.

इंजिनाचा धोका वेगळा आणि तत्काळ आहे. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. पाणी शिरलेले इंजिन कुणी चालू करायचा प्रयत्न केला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडणारा दांडा वाकतो. म्हणून बुडालेल्या गाडीला किल्ली लावू नका, ओढून न्या, असे सांगतात. आणि माणूस नेमके तेच करतो. पाणी ओसरले की पहिला प्रश्न ‘चालू होते का बघू’.

स्पोर्ट्स कारला हे सगळे लवकर भोगावे लागते, कारण ती जमिनीला चिकटलेली असते. उंच गाडीच्या दाराच्या खालच्या कडेपर्यंत आलेले पाणी स्पोर्ट्स कारच्या सीटला लागलेले असते. हवा आत घेणारे तोंडही बहुधा खाली असते. सुटे भाग महाग, बरेच बाहेरून मागवावे लागणारे, आणि कोपऱ्यावरच्या फिटरला हात लावता येणार नाहीत असे. तुमच्या गावापासून त्या कंपनीचे अधिकृत वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे, हा प्रश्न गाडी पाहायला जाण्याआधी विचारा. बंद पडलेली गाडी तिथपर्यंत ट्रकवर चढवून न्यायचा खर्चही तुमचाच.

कोणत्या गावचे पाणी?

महाराष्ट्राने २००५ पासून तीन मोठे पूर पाहिले आणि तिन्हींत गाड्यांचे नुकसान वेगवेगळ्या तऱ्हेने झाले. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच वेळी समुद्राला भरती होती. तिथल्या पाण्यात गटार होते आणि खाडीकडच्या भागांत खारटपणाही होता. मीठ लोखंडाला आणि तांब्याला गोड्या पाण्यापेक्षा फार वेगाने खाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पंचगंगा आणि कृष्णा चढल्या. (काशीच्या पंचगंगा घाटाशी या नदीचा फक्त नावाचा संबंध, पण काकांना मजा वाटली.) पाणी गोडे होते, पण ते उतरायला कित्येक दिवस लागले, पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा बंद होता. तासभर भिजलेली गाडी आणि आठवडाभर बुडून राहिलेली गाडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. पाणी रातोरात चढले, लोकांना गाड्या उंचावर न्यायला वेळच मिळाला नाही, आणि पाण्यासोबत डोंगरातला चिखल आला.

म्हणून ‘पाणी शिरले होते’ एवढ्यावर थांबू नका. किती उंचीपर्यंत, किती वेळ, कसले पाणी आणि नंतर इंजिन चालू केले होते का, हे चार प्रश्न विचारा. चाकाच्या मध्यापर्यंत, तासभर, गोडे पाणी, इंजिन बंद ठेवून ओढून नेली : अशी गाडी मी सरसकट टाकाऊ म्हणणार नाही. डॅशबोर्डपर्यंत गेलेले पाणी असेल तर पुढचे वाचायचीही गरज नाही.

कोल्हापूरचा एमएच-०९, सांगलीचा एमएच-१० किंवा रत्नागिरी जिल्ह्याचा एमएच-०८ नंबर दिसला म्हणून गाडी बुडालेलीच असे मात्र धरू नका. त्या जिल्ह्यांत लाखो लोक नीटनेटक्या गाड्या वापरतात आणि विकतात. उलट बुडालेल्या गाड्या त्या जिल्ह्यात राहतच नाहीत. गिऱ्हाइकाला पूर आठवणार नाही अशा लांबच्या गावी त्या जातात. काशीला, उदाहरणार्थ.

‘टोटल लॉस’ म्हणजे काय, आणि मग ती गाडी बाजारात कशी?

हा भाग थोडा सविस्तर सांगतो, कारण स्वस्ताईचे मूळ इथे आहे.

गाडीच्या सर्वसमावेशक विम्यात एक रक्कम लिहिलेली असते, आयडीव्ही. गाडी पूर्ण नष्ट झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त एवढे देईल. ती दरवर्षी घटते. पॉलिसीच्या वेळी गाडीचे वय चार ते पाच वर्षांच्या दरम्यान असेल तर ती नव्याच्या किमतीच्या ५० टक्के धरली जाते. म्हणजे आपल्या ४० लाखांच्या गाडीची आयडीव्ही २० लाख.

गाडी पुरात बुडाली, मालकाने दावा केला, कंपनीने सर्वेक्षक पाठवला, वर्कशॉपने दुरुस्तीचा अंदाज दिला. हा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी दुरुस्ती करत नाही. गाडी ‘टोटल लॉस’ ठरवते. इथे ती रेषा १५ लाखांची आहे. मालकाला २० लाखांच्या आसपास रक्कम मिळते, थोडी वजावट होऊन. मोडकी गाडी मग लिलावात ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर जाते. कोणीतरी व्यापारी ती घेतो.

आता जरा गणित करा. समजा, व्यापाऱ्याने ती ३ लाखांना घेतली, २ लाख खर्च करून चकचकीत केली आणि ८ लाखांना जाहिरात टाकली. ज्या गाडीला नीट करायला १५ लाखांहून जास्त लागतील असे वर्कशॉपने लिहून दिले होते, ती २ लाखांत नीट झाली. उरलेले १३ लाखांचे काम कुठे गेले? यातला काही भाग खरा फरक आहे. अधिकृत वर्कशॉप सगळे भाग नवे घालते आणि छापील दर लावते. साधे गॅरेज धुऊन, वाळवून, जुने भाग लावून काम चालवते. पण सगळाच फरक तसा नसतो. बराचसा गाडीतच, गालिच्याखाली, राहिलेला असतो. तो तुम्ही विकत घेता.

अमेरिकेत अनेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीच्या कागदावरच ‘पूरग्रस्त’ किंवा ‘भंगार’ असा शिक्का बसतो आणि तो पुढच्या मालकांकडेही दिसत राहतो. तिथेही काही लोक शिक्का नसलेल्या राज्यात गाडी नेऊन तो धुऊन काढतातच. आपल्या आरसी बुकावर असा रकाना नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. प्रत्यक्षात ‘टोटल लॉस’ गाडीची नोंदणी शिल्लक राहिली तर तिचे कागद दुसऱ्या कामाला येतात. २०२० मध्ये लखनऊ पोलिसांनी अशी एक टोळी पकडली होती : टोटल लॉस गाड्यांचे कागद आणि चेसी क्रमांक चोरीच्या गाड्यांना लावून त्या विकल्या जात होत्या. घेणाऱ्यांनी पैसे मोजलेले असतात, कागद हातात असतो आणि एक दिवस गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात जाते.

म्हणून चेसी क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने घासून छाप घ्या, आरटीओत घेतात तसा, आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. भोवतीची वेल्डिंग, ताजा रंग, घासलेली पाटी दिसली तर परत या.

कागद काय सांगतात

गाडीला हात लावण्याआधी अर्धा तास कागदांना द्या. ‘वाहन’च्या सरकारी संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि गाडीवर कर्ज आहे का हे कळते. विक्रेत्याच्या हातात गाडी आहे पण आरसी अजून पुराच्या गावातल्या पहिल्या मालकाच्या नावावर, असे दिसले तर मधला माणूस कोण आणि त्याने नाव का लावून घेतले नाही, हे विचारा.

नंतर विम्याची जुनी पॉलिसी मागा. तिच्यात एक छोटा आकडा असतो, ज्याकडे कोणी पाहत नाही : नो क्लेम बोनस. दावा न केल्यास तो पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो. दावा केला की शून्यावर येतो. साडेचार वर्षे एकाच मालकाने वापरलेल्या गाडीवर बोनस शून्य दिसला तर का, हे विचारा. कारण साधेही असू शकते. मालक बदलला किंवा विमा ९० दिवसांहून जास्त खंडित राहिला तरी बोनस जातो. पण उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

अधिकृत वर्कशॉपकडे गाडीच्या क्रमांकावरून सेवेचा इतिहास असतो. विक्रेत्याला सांगा, तुम्हीच मागवून द्या. दर सहा महिन्यांनी नियमित सर्व्हिसिंग आणि मग जुलै-ऑगस्टपासून एकदम शांतता, असा इतिहास दिसला तर तो पुरेसा बोलका आहे.

गाडी काय सांगते

सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. हे मी एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून शिकलो. गाडी धुणारा सीट धुतो, गालिचा बदलतो, पण पट्ट्याचा आत गुंडाळलेला भाग क्वचितच कोणी धुतो. त्यावर गाळाची रेघ असली तर पाणी कुठपर्यंत होते हे तिने लिहूनच ठेवलेले असते.

मग खाली वाका. सीट ज्या पट्टीवर सरकते तिचे बोल्ट गंजलेत का? स्टेपनी उचला, तिच्या खळग्यात वाळू किंवा चिखल आहे का? हेडलाइटच्या आत वाफ धरली आहे का? साडेचार वर्षांच्या गाडीत गालिचा एकदम कोरा असेल आणि आत अत्तराचा भपकारा येत असेल, तर काच बंद करून दहा मिनिटे आत बसा. कुबट वास अत्तराच्या खालून वर येतो. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा आधी पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझणे वाईट. मुळीच न पेटणे त्याहून वाईट, कारण कोणीतरी तो काढून टाकलेला असतो. इंजिनच्या तेलाची दांडी काढून पाहा. तेल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी आहे.

हे सगळे घरच्या घरी करता येते. पुढचे मात्र अशा गाड्या हाताळणाऱ्या मेकॅनिककडून पैसे देऊन करून घ्या, संगणक जोडून चुकांची यादी काढण्यासह. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको. आणि तपासणीला विक्रेता नाही म्हणाला, तर प्रश्नच मिटला.

किती किंमत द्यावी?

‘२० लाखांची गाडी ८ लाखांत’ हे वाक्य ऐकले की डोक्यात १२ लाखांचा फायदा चमकतो. पण फायदा मोजायचा तर उलट्या दिशेने मोजावा लागतो : पूर्ण दुरुस्त झाल्यावर, पुराची गोष्ट खरी सांगून, ही गाडी कितीला विकेल?

काकांसमोर आम्ही कागदावर मांडले. पुराचा इतिहास माहीत असलेला माणूस चांगल्या गाडीच्या किमतीच्या ६० टक्के देईल असे उदारपणे धरले : १२ लाख. त्यातून खऱ्या दुरुस्तीचे ६ लाख वजा. काशीला आणणे, महाराष्ट्रातून एनओसी, १२ महिन्यांच्या आत उत्तर प्रदेशची नोंदणी आणि तिथला कर, सगळे धरून २ लाख वजा. पुढच्या दोन पावसाळ्यांत उपटणाऱ्या बिघाडांसाठी राखून ठेवायचे २ लाख वजा. उरले २ लाख.

दोन लाखांपर्यंत ही गाडी आतबट्ट्याची नाही, त्याच्यावर आहे. हे आकडे आमच्या अंदाजाचे होते. तुमच्या गाडीचे वेगळे येतील. पण वजाबाक्यांचा क्रम तोच ठेवा आणि राखीव रक्कम कधीही शून्य धरू नका.

मग घरखर्च मांडला, आणि मला वाटते काका खरे तिथे थांबले. पाच लाखांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी वर्षाला ३५ हजार व्याज मिळते, महिन्याला सुमारे २,९०० रुपये. त्यात काकूंची औषधे येत होती. तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,९८० रुपये आणि पाच वर्षांत व्याजापोटी जवळजवळ १ लाख १९ हजार. म्हणजे येणारे २,९०० बंद आणि जाणारे ६,९८० सुरू : दरमहा जवळपास ९,९०० रुपयांची खिंड, गाडी चालली तरी आणि बंद पडली तरी.

वैयक्तिक कर्जच का? कारण अशा गाडीवर वाहनकर्ज मिळणे कठीण. बँक मूल्यांकन करून घेते, आणि बुडालेल्या गाडीला तारण म्हणून फारशी किंमत उरत नाही. बँक ज्या वस्तूवर पैसे द्यायला कचरते त्या वस्तूसाठी तुम्ही घरातले सोने किंवा ठेव देत असाल, तर बँक का कचरते हे निदान विचारून घ्या. आम्ही सांगतो.

भाड्याचा बेत

मुलाच्या योजनेत आणखी एक खोच होती. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही; त्यासाठी व्यावसायिक नोंदणी आणि परवाना लागतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याच्या वापराला संरक्षण नसते. वरातीत गाडी ठोकली आणि ती त्या दिवशी भाड्याने दिली होती असे निघाले, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

विम्याचे बाकीचेही समजून घ्या. गाडी घेतल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करा. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. विमा खंडित झालेला असेल तर कंपनी गाडी तपासूनच स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण देते, आणि आधीपासूनचा बिघाड त्यात येत नाही. वायरिंगच्या जुन्या गंजामुळे झालेले नुकसान अंगावर येण्याची शक्यता मोठी. कायद्याने सक्तीचा तृतीय पक्षाचा विमा मिळेल, पण तो समोरच्याला भरपाई देतो, तुमच्या गाडीला नव्हे.

तुमची स्वतःची गाडी नदीकाठी किंवा सखल भागात उभी राहत असेल तर हाच धडा दुसऱ्या बाजूने उपयोगी आहे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण बुडालेले इंजिन चालू केल्याने झालेला बिघाड बहुधा येत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते. रबर, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅगवर दाव्यात ५० टक्के घसारा कापतात, तोही वेगळी जोड घेऊन टाळता येतो. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, पॉलिसी काढून या दोन ओळी शोधा.

तरीही घ्यायचीच असेल

असे लोक असतात आणि ते सगळे वेडे नसतात. स्वतः मेकॅनिक असलेला, गॅरेजमध्ये तशीच दुसरी गाडी असलेला, जिचे भाग हिच्यातून काढायचेत असा माणूस लिलावातून अशी गाडी घेतो आणि त्याचे गणित बसते. त्याचे श्रम फुकट असतात आणि गाडी दोन महिने उभी राहिली तरी त्याच्या घरची चूल अडत नाही. त्या दोन गोष्टी तुमच्याकडे असतील तर गोष्ट वेगळी.

अशा वेळी विक्रेत्याकडून साध्या कागदावर नव्हे, तर करारात लिहून घ्या की गाडीत पाणी कुठपर्यंत गेले होते आणि काय काय बदलले. बिलांच्या प्रती जोडा. पैसे खात्यातूनच द्या, रोखीने नको. व्यापाऱ्याने पाण्याची गोष्ट दडवली असे नंतर निघाले तर ग्राहक आयोगात दाद मागता येते; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. लिलावात ‘जशी आहे तशी’ घेतलेल्या गाडीबाबत मात्र तक्रारीला फारसा आधार उरत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याखेरीज आणि जुने कर्ज असल्यास बँकेचे फॉर्म ३५ हातात आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नका.

काकांनी ठेव त्या दिवशी मोडली नाही. मुलगा मात्र ऐकेना, म्हणून पुढच्या आठवड्यात बापलेक एक मेकॅनिक घेऊन गाडी पाहायला गेले. सीटबेल्ट ओढला तेव्हा गाळाची रेघ खांद्याजवळ निघाली. ‘थोडे पाणी’ म्हणजे तेवढे. विक्रेता तिथल्या तिथे ८ वरून ५ लाखांवर आला, संध्याकाळी फोन करून ४ म्हणाला. मुलाने काकांकडे पाहिले, काकांनी खिशातला आमचा कागद काढला. त्यावर २ लिहिले होते.

दोन आठवड्यांनी मुलाने तीच गाडी पुन्हा जाहिरातीत पाहिली, दुसऱ्या शहरातून, साडेनऊ लाखांना. फोटो तेच होते. पाण्याचे वाक्य काढून टाकले होते.